बोटांच्या भरवशावर

मी दोर बोलतोय. उंच इमारतींच्या काचा पुसणारा माणूस ज्याच्या आधाराने भिंतीवरून उतरतो, तो दोर. आत पांढऱ्या धाग्यांचा पिळदार गाभा, वर निळ्या विणीची कातडी. विधात्याने मला ना हात दिले ना डोळे. दिला तो एकच धर्म, की जो विसंबेल त्याचा भार निमूटपणे वाहावा.

सहा वर्षे मी या शहराच्या पोटात, बाजार-कचेऱ्यांच्या भागात काढली. लोक त्या भागाची ओळख रस्त्यांवरून सांगतात; मी मळावरून सांगेन. कापडबाजारातल्या खिडक्यांवर धाग्यांची लव साचते. छापखान्यांच्या गल्लीत काचेवर शाईची काळी साय धरते. कोर्टामागे वकिलांच्या मजल्यांवर वहिवाट कबुतरांची. बँकांच्या रस्त्यावर गाड्यांचा धूर, आणि त्यापलीकडच्या नव्या काचेच्या मनोऱ्यांवर नुसती धूळ. तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत. माझ्या जिवावरचा प्रसंग तिथलाच.

माझ्या धन्याला सारे वस्ताद म्हणत. कामाच्या जागी पोचताच ते गच्चीवर मांडी घालून बसत, डोळे मिटत आणि मला अंगठा व दोन बोटांमधून हात-हात सरकवत. ओठांवर देवाचे नाम. तोवर कुणी बोलायचे नाही. जिथे बोटे थबकत तिथे सुरी चाले आणि तेवढा दोर बाद होई. तीस वर्षांत त्यांचा एकही माणूस पडला नव्हता. माणसे अभिमानाने म्हणत, "वस्तादांची बोटं हाच आपला दुसरा दोर." चूक तिथेच होती. कारण कमरेला खरा दुसरा दोर बांधायचा असतो, आणि घाईच्या दिवशी तो खाली गाडीतच राहू लागला होता.

वस्तादांची बोटे मेली आहेत, हे सर्वांआधी मला कळले. तीस वर्षांच्या साबणाने आणि तेजाबाच्या पाण्याने त्यांतली जाण हळूहळू नेली होती. माझ्यावर चिकटलेला डांबराचा खडा त्यांच्या चिमटीतून गेला, आणि ती थबकली नाहीत. वस्ताद क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले, मग पुढे सरकवू लागले. बोलले कुणाजवळ नाहीत. बोटे गेली तर वस्ताद म्हणून उरते काय, ही भीती असावी.

पुढे एकदा कापडबाजारात एका दुकानाचा भला मोठा आरसा हलवताना फुटला. मी खालीच वेटोळे घालून पडलो होतो. काचेची एक कपची कातडी भेदून गाभ्यात शिरली. वर सुईच्या अग्राएवढे टोक; आत मात्र प्रत्येक वळणाला धागे तुटत होते.

दुसऱ्या दिवशी बावीस मजली मनोरा. उतरणार होता वस्तादांचा जावई. छापखाना बंद पडल्यावर दोन वर्षांपूर्वी तो या कामात आला होता.

"जावईबापू, पट्टा नीट आवळलात? का आमच्या लेकीनं यायचं आवळायला?"

"नको मामा, ती आवळते तेव्हा श्वास कोंडतो माझा."

"मग तोंडालाच आवळायला सांगतो तिला."

तेवढ्यात इमारतीचा व्यवस्थापक घड्याळ दाखवत आला. "साडेदहाला पाहुणे येतायत. पुढची बाजू आरशासारखी हवी."

वस्तादांनी डोळे मिटले. मी सरकू लागलो. ती कपची त्यांच्या बोटात रुतली, तुटली, आणि बोटे तशीच पुढे गेली. मला ओरडावेसे वाटले, वाचा नव्हती.

"मामा, गाडीतला दोर आणू का?"

"अहो, बोटांतून गेलाय. उतरा."

जखम बरोबर नवव्या मजल्यावर लोंबत होती. जावई वर असेतो तिच्यावर भार नव्हता. तो तिच्याखाली गेला की सारा भार तिच्यावर. एकविसावा. विसावा. तो काच पुसत, शीळ घालत येत होता.

तो चौदाव्यावर असताना वस्तादांनी पाण्याचा पेला उचलला. पेल्यावर लाल ठसे उमटले. त्यांनी बोट वळवून पाहिले. काच आरपार रुतलेली, वेदना नाही. आपल्याला कळले नाही, म्हणजे सकाळी दोरातलेही काही कळले नाही, हे त्यांना एका क्षणात उमगले.

त्यांनी हाका मारल्या. खालच्या चौकातल्या भोंग्यांनी त्या गिळल्या. फोन लावला. जावयाच्या खिशात तो वाजला, पण दोरावर असताना फोन घ्यायचा नाही हा नियम वस्तादांचाच. तेरावा. ते जिन्याने धावले. साठी उलटलेला माणूस बारा मजले उतरत होता, आणि बाहेर मी त्याच्या जावयाला एकेक मजला मृत्यूकडे नेत होतो. बारावा. अकरावा.

दहाव्या मजल्यावर एका कचेरीत बैठक भरली होती. वस्ताद दार ढकलून आत शिरले.

"ओ, कोण तुम्ही? इथं मीटिंग चाललीये!"

"जावई आहे माझा! दोराचा भरवसा नाही!" एवढेच म्हणून त्यांनी काचेवर तळवा आपटला. बाहेर बूट दिसले, गुडघे दिसले, मग चेहरा. काचेपलीकडचा रक्ताळलेला तळवा पाहून जावई जागीच थांबला. माझी जखम त्याच्या पावलांखाली वीतभर उरली होती.

टंकलेखन करणारी एक बाई पहिली उठली. वस्तादांचा हात बाजूला करून तिने आपला तळवा काचेवर टेकवला. "मी थांबवून धरते त्यांना. तुम्ही जा, काय आणायचं ते आणा." वस्ताद गाडीकडे धावले. दुसरा दोर गच्चीवरून खाली येईपर्यंत तिने तळवा हलवला नाही, आणि जावयाने नजर.

जमिनीवर पाय टेकल्यावर जावयाने विचारले, "बोटांचं किती दिवसांपासून, मामा?"

"थंडीपासून."

"आणि रोज मला 'उतरा' म्हणत होतात?"

वस्तादांनी मान खाली घातली. "हो."

"घरी तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

त्यांनी सांगितले. लेक रडली नाही. तिसऱ्या सकाळी ती गच्चीवर येऊन नव्या दोरापुढे बसली. "डोळे मिटायचे ना, बाबा?"

"आधी तोंड मिटायचं."

"ते तुम्हीच फार दिवस मिटलंत," ती म्हणाली, आणि दोर बोटांत घेतला. दुसरा दोर जावयाने आधीच कमरेला बांधला होता.

जखमी दोराने पुन्हा माणूस वाहायचा नसतो. वस्तादांनी स्वतः माझे तुकडे केले. आता मी छापखान्यांच्या गल्लीत हातगाडीवर कागदाचे गठ्ठे आवळतो. काया झिजली, तरी जे वाट्याला आले ते वाहतो, तक्रार नाही. मागणे एवढेच. देवाने दिलेली जाण देवच एक दिवस काढून घेतो, त्यात लाज कसली? ज्यांच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे त्यांनी, जे कळेनासे झाले ते वेळेवर बोलून टाकावे. त्या सकाळी मला वाचा नव्हती. तुम्हांला आहे.