दोन्हीवर टाक

येळ्ळूरची स्वरूपा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत दोन सर्व्हर सांभाळायची. त्या दोघांच्या पोटात आठ आभासी सर्व्हर चालत. हजेरीपासून गेटपासपर्यंत सगळं त्यांच्यावरच. सोमवारी सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचा नवा अपडेट आला तेव्हा ती मॅनेजर कुडचीकर साहेबांना म्हणाली, "सर, आधी एकावर टाकून बघूया."

"कंपनीनं बघूनच पाठवलं असंल की गं. टाक दोन्हीवर," साहेब म्हणाले. स्वतःचा कॉम्प्युटर चालू करायला शिपायाला हाक मारणाऱ्या माणसाचा हा विश्वास बघून तिला अगदी भरून आलं.

मंगळवारी सकाळी आठही आभासी सर्व्हर आडवे झाले. गेटपास निघेना, त्यामुळं माल भरलेले ट्रक आतच अडकले. साहेबांनी तातडीनं बैठक बोलावली, चहा मागवला आणि दर दहा मिनिटांनी तिला विचारलं, "झालं काय?" एवढी मदत कमी पडेल म्हणून की काय, सर्व्हरच्या खोलीत येऊन त्यांनी दोन वायरीही हलवून बघितल्या.

दुपारी अपडेटवाल्या कंपनीनं दुरुस्तीचा पॅच पाठवला, सोबत 'गैरसोयीबद्दल दिलगिरी'. स्वरूपानं कुणाला न विचारता तो एकाच सर्व्हरवर टाकला. त्याच्यावरचे चार आभासी सर्व्हर उठले, तासभर नीट चालले. मगच तिनं दुसऱ्याला हात लावला. पाचला ट्रक सुटले. तेव्हा कुठं तिनं जेवणाचा डबा उघडला.

मालकांनी साहेबांच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं आणि त्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बेंगळुरूला धाडलं. ते तीन दिवस स्वरूपाचे लई सुखात गेले.