पाच बहमन

गुडीहत्नूरच्या शाळेत पुस्तकांचं कपाट एकच, पण त्याचा रुबाब तहसील कचेरीचा. नरसिंगराव मास्तरांनी दारावर नियम चिकटवले होते: हात धुऊन या, पान दुमडू नका, आणि इथलं काही बाहेर सांगायचं तर उतरवून घ्या, कुठून घेतलं ते खाली लिहा. पहिले दोन कुमुदिनी काटेकोर पाळायची. तिसरा तिला कमीपणाचा वाटायचा. सातवीतली हुशार पोर, आळीत उर्दू भराभर वाचणारी एकटीच. तिला चिठ्ठ्या कशाला हव्यात!

एकदा कपाटातल्या उर्दू सरकारी राजपत्रात तिनं वाचलं, इचोड्याला ढोरांना लस टोचायला डॉक्टर येणार, तारीख पाच. आकड्यापुढचं महिन्याचं नाव वाचायचे कष्ट बाईसाहेबांनी घेतलेच नाहीत. घरच्या भिंतीवर नागपूरचं इंग्रजी कॅलेंडर होतं, त्यात डिसेंबरची पाच परवावर आलेली. झालं! संध्याकाळपर्यंत आळीभर बातमी.

भाजी लावणारी तुळजाबाई बैलजोडी घेऊन चार कोस चालत इचोड्याला गेली. तिथं ना डॉक्टर, ना सुई. राजपत्रात होती पाच बहमन, निजाम सरकारच्या फसली सालातल्या बहमन महिन्याची. ती अजून चार दिवस लांब होती.

मास्तरांनी आवाज चढवला नाही, हेच वाईट.

"चिठ्ठी दाखव."

चिठ्ठी नव्हतीच.

"मग आजपासून तुला कपाट बंद."

त्या कपाटाशिवाय कुमुदिनीला शाळेत गोड वाटणारं दुसरं काही नव्हतं. रडून झाल्यावर ती परत आली आणि म्हणाली, "गुरुजी, पुस्तक नको. फक्त ती बातमी उतरवू द्या."

बातमी, फसली आणि इंग्रजी दोन्ही तारखा, अंक, पान, सगळं लिहून ती दारोदार फिरली. तुळजाबाईची भीती सगळ्यांत जास्त, म्हणून तिचं दार शेवटी.

"मावशी, मी चुकले. महिना वाचलाच नव्हता."

"काऊन वं पोरी! माहे पाय तुटून राह्यले अन् तू आता सांगून राह्यली? हे तरी खरं कशावरून?"

"अंक, पान लिहिलंय. कुणाकडूनही वाचून घ्या."

तुळजाबाईनं पटवाऱ्याकडून खरंच वाचून घेतलं, आणि पाच बहमनला बैल टोचून आणले. दुसऱ्या दिवशी ती थेट वर्गात.

"मास्तर, पोरीले कपाट उघडून द्या."

"नियम आहे, बाई."

"राहू द्या ना नियम. चिठ्ठीबिगर सोडूच नोका तिले. पण कचेरीतले एवढे लोक चुकतेत, घरी येऊन चुकलो म्हनणारं हे एकच पाह्यलं मी."

मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी किल्ली काढली. कुमुदिनीला तर नाचावंसं वाटलं.

तुळजाबाई मात्र हलली नाही. बाकावर नीट बसून म्हणाली, "आता वांग्याच्या किडीवर काय लिवलं ते काढ. सावकाश वाच, मले घाई नाही."