पोटातली हाय

"गेली! गेली! हाय गेली!"

हॉलभर टाळ्या. फर्निचरच्या दुकानावरचा हा हॉल. खुर्च्या संपल्या म्हणून लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसलेले. समोर कॉटवर एक गृहस्थ, त्यांच्या उघड्या पोटावर तीन चिकटपट्ट्या, पट्ट्यांना वायरी, आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ. मघाशी ती हेलकावे खात होती. आता आडवी, निपचित.

कॉटशेजारी मंत्र म्हणून दमलेल्या लहरगुरूंनी घाम पुसला. "पाहिलंत? आपण ज्याचं वाईट केलं त्याची हाय पोटात घर करते. डॉक्टरांना ती का दिसत नाही? कारण ते वायरी हृदयाला लावतात! हाय काय हृदयात बसते? हाय जठरात बसते आणि जठराच्या विजेवर जगते!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इस्पितळात मी हेच काम करते. जठराला स्वतःची मंद वीज असते. पोटाच्या कातडीवर पट्ट्या लावून आम्ही ती मोजतो. त्यात हाय नसते, जेवण पुढे ढकलायची लय असते.

मी आले होते ताईसाठी. माझी थोरली बहीण, जुनी मधुमेही. कित्येक महिने तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. लहरगुरूंनी निदान केलं की ही सासूची हाय, आणि इन्सुलिनची सुई टोचली की ती चवताळते. झालं, परवापासून बाईसाहेबांनी इन्सुलिन बंद केलं. आज सकाळी तिच्या श्वासाला गोडसर वास आला. इन्सुलिनवाचून शरीर आतून विषारी होत चाललं की तो वास येतो.

"ताई, आत्ताच्या आत्ता इस्पितळात चल," मी हात जोडले.

"आधी तू हॉलमध्ये चल. हाय निघताना डोळ्यांनी बघ, मग नेशील तिथे येते."

तेवढ्या बोलीवर मी इथे बसले होते.

ताईला कॉटवर घेतलं. पट्ट्या लागल्या, रेघ उसळली. मी घड्याळ लावून मोजलं. जठराच्या लाटा मिनिटाला साधारण तीन. इथे तर पंधरा! कुठलं जठर असं धावतं? मग माझी नजर ताईच्या पोटाकडे गेली. पोट वर, रेघ वर. पोट खाली, रेघ खाली.

अरे देवा, हा तर श्वास! आम्ही प्रत्येक पेशंटला बजावतो, शांत पडा, हळू श्वास घ्या. पोट हललं की पट्ट्या हलतात आणि खोट्या लाटा उमटतात. आम्ही जे कचरा म्हणून फेकून देतो, तेच हा माणूस पडद्यावर मांडून विकत होता. आणि मंत्राच्या शेवटी दर वेळी एकच आज्ञा: "श्वास रोखा!"

मी उठले. "गुरुजी, हिला श्वास घेऊ द्या आणि मग काढा हाय."

"कोण तुम्ही?"

"हिची धाकटी बहीण."

"खाली बसा! अविश्वासाने हाय पिसाळते!"

"बसा हो बाई!" मागून ओरडा झाला. कुणीतरी माझा दंड धरला.

"ताई, तो सांगायच्या आधी श्वास धर. एकदाच!"

"गप्प बस गं," ताई खेकसली. "चारचौघांत तमाशा नको."

तिने ऐकलंच नसतं. पण लहरगुरूच किंचाळले, "खबरदार! माझ्या आज्ञेशिवाय श्वास रोखलात तर हाय काळजात शिरेल!"

ताईने मान वळवली. दोन पोरं वाढवलेली बाई ती. थाप मारणारा माणूस तिला आवाजावरून कळतो.

"तुम्ही का एवढे घाबरलात?" तिने विचारलं, आणि नाक दाबून तोंड मिटलं.

रेघ आडवी झाली. मंत्र अजून सुरूच व्हायचा होता.

तिने श्वास सोडला. रेघ उसळली.

"आल्या की सासूबाई परत," ताई म्हणाली. "थांबा, घालवते."

पुन्हा नाक दाबलं, रेघ पुन्हा निपचित. मग ती मुद्दाम धापा टाकू लागली. "आणि आता बघा, नाचायला लागल्या!"

हॉल खो-खो हसत सुटला. मघाचे गृहस्थ बटणं लावता लावता पुढे आले. "मलाही लावा बरं पुन्हा."

लहरगुरूंनी खटकन वायर उपटली. "यंत्र बिघडलं! अविश्वासाने बिघडलं!"

"यंत्र ठणठणीत आहे!" मी ओरडले. "ते श्वास दाखवतंय. फुकटचा, ज्याचा त्याचा!" आणि ताईला दंडाला धरून तडक इस्पितळात नेलं.

ताई वाचली. तिचं जठर खरंच मंदावलंय. जुन्या मधुमेहाने तसं होतं. औषधं घ्यायची, थोडं थोडं खायचं, साखर सांभाळायची. चुटकीसरशी बरं होणार नाही, हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती चिडली, रडली आणि उपचाराला लागली.

लहरगुरूंनी पलीकडच्या गल्लीत नवा हॉल घेतला. आता ताई त्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहते. गुरूंची माणसं हटकतात, ती हलत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "तो म्हणेल तेव्हा श्वास धरू नका, त्याच्या आधी धरून बघा. हाय खरी असेल तर तिला काय फरक पडतोय? आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका. विचारायला लाजू नका!"

परवा एक जण तिच्यावर गुरकावला, "तुम्ही कोण मोठ्या डॉक्टर लागून गेलात?"

"डॉक्टर नाही हो," ताई म्हणाली. "याच्या नादाने मरता मरता राहिलेली बाई आहे मी. जा वर खुशाल. पण डोकं बरोबर घेऊन जा."