सरूच्या घरचा कचरा

पर्यावरण हा विषय नववीला नव्यानं आला आणि थेट पुष्पलताबाईंच्या गळ्यात पडला. जव्हारच्या त्या शाळेत विज्ञान त्याच शिकवत, मग हेही शिकवतील, असं मुख्याध्यापकांनी परस्पर ठरवून टाकलं. बाईंनीही हौसेनं प्रकल्प दिला. आठ दिवस घरचा कचरा पिशवीत साठवायचा, शाळेच्या तराजूवर तोलायचा, वजन वहीत लिहायचं. "श्रेणी मिळाली नाही तर दहावीत बसवणार नाही," अशी तंबीही दिली.

सरूची पिशवी सगळ्यांत मोठी निघाली. चांगली दोन किलो! वेफर्सची पाकिटं, थंड पेयांच्या बाटल्या, नाशिकच्या मिठाईचा खोका. बाईंनी लाल पेन उघडलं आणि तिथंच थबकल्या. पाड्यावरून रोज पायी येणारी, डब्यात नागलीची भाकर आणणारी ही पोर. हिच्या घरी नाशिकची मिठाई कुठून आली?

"सरू, खरं सांग. हा कचरा कुणाचा?"

पोरीनं मान खाली घातली. "शिरपामाळावरून येचला, बाई. तथं फिराया येणारे पाव्हणे टाकून जातात तो. आमचे घरी कायच निगत नाय. शेण, पाला शेतात जातो, राखेनं भांडी घासतो, उष्टं कोंबड्या खातात. आठ दिस पिशवी रिकामीच. नापास नका करू, बाई. बाबा सांगतो, नापास झाली त शाळा बंद."

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांच्या स्वतःच्या घरी कचऱ्याची बादली दोन दिवसांत भरायची, आणि धडे मात्र त्या हिला देत होत्या. स्वतःचाच राग आला. खोटेपणाबद्दल त्यांनी सरूला आधी चांगलं झापलं. मग वहीतले दोन किलो खोडून शून्य लिहिलं.

ते पाहून सरू हुंदके द्यायला लागली. शून्य म्हणजे नापास, एवढंच शाळेनं तिला शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यांत बाईही होत्याच.

"अगं वेडे, ते वजन आहे," म्हणत बाईंनी शेजारी ठळक 'अ' काढला.

सरूनं डोळे पुसून तो 'अ' नीट पाहिला. मग तिनं विचारलं, "रिकामी पिशवी आणली असती त चाललं असतं, बाई?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "कामचुकार म्हणून मी तुला 'ड' दिला असता."