बाबांची जास्तीची मात्रा

आमच्या बाबांनी बांधलेल्या एका धुनेत एक मात्रा जास्त आहे. दुसरा भाग संपला असं वाटतं, तेवढ्यात फिडलचा, म्हणजे आमच्या व्हायोलिनचा, गज आणखी एकदा ओढला जातो. बाबा गेल्यापासून ती धून माझी थोरली बहीण डेल्फा वाजवते. सोबत माझ्या मुलाचा, वायलीचा बँड असतो. आमच्या या डोंगरात दुसऱ्या कुणाला ती येत नाही.

शनिवारी जुन्या शाळेत नाच होता. गिटार लावता लावता वायली म्हणाला, "मावशी, ती जास्तीची मात्रा काढून टाक. शहरातून येणारी पोरं अडखळतात."

"पोरं अडखळतात की तू?"

"दोघंही. आज नाच विस्कटला तर ही धून कायमची बंद."

"आणि नाही विस्कटला तर तुझं तोंड बंद."

डेल्फा सत्तरीची. बँडने सोडली की बाबांची धून संपलीच.

डेल्फाने ती धून सुरू केली आणि पहिल्याच फेऱ्यात घोळ झाला. पोरं त्या मात्रेच्या आधीच पुढे धावली आणि एकमेकांवर आदळली. एका मुलीने माझ्या पायावर पाय दिला. वायलीने माझ्याकडे असं काही पाहिलं की पोटचा असूनही त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

मी त्या मुलीचा हात धरला. "मोजत बसू नकोस गं. मी बूट आपटला की तूही आपट."

माझं बघून आमच्या वयाच्या सगळ्यांनी एकेक पोर पकडलं. दुसऱ्या फेऱ्यात निम्मे बूट बरोबर त्या मात्रेवर आपटले. तिसऱ्यात सगळे एकदम, आणि लाकडी जमीन अशी दणाणली की खिडक्या थरथरल्या. मग पोरं त्या मात्रेची वाटच बघायला लागली. मला रडू येत होतं आणि मी नाचत होते. वायलीचाही बूट बरोबर तिथेच पडत होता. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

फिडल वाजवणाऱ्याने पाय उचलला की शेवटचा फेरा, ही आमची रीत. डेल्फाने पाय उचलला. वायलीने तो पाहिला, तोंड फिरवलं आणि गिटार चालूच ठेवली.

"वायल्या, पाय अवघडला माझा."

"मग खाली ठेव की, मावशी."

डेल्फाने पाय खाली ठेवला आणि गज पुन्हा ओढला.