मधली लाईन

"अरं, हळू ओढा की! मुडपू नगा वायर!" सयाजी चौगुले चरात गुडघाभर उतरून मजुरांवर ओरडला.

कॉलेजच्या वर्कशॉपपासून ऑफिसच्या इमारतीपर्यंत नवी फायबर केबल पडत होती. जुन्या लाईनवर मोठी फाईल निम्म्यातच अडकायची. मग वर्कशॉपमधला सर्व्हर सांभाळणारा सयाजी ती पेनड्राइव्हवर घेऊन परीक्षा विभागात, संयोगिता मॅडमकडं जायचा. फाईल उतरेपर्यंत मॅडम "बसा की" म्हणायच्या, चहा सांगायच्या. बायको गेल्यापासून गडमुडशिंगीच्या घरात त्याला बस म्हणणारं कुणी नव्हतं. ऑफिसात जायचं असलं की तो इस्त्रीचा शर्ट घालायचा.

मॅडमच एकदा म्हणाल्या होत्या, "चौगुले, ही लाईन नीट करा बघू. लई उपकार होतील."

सयाजीनं मनावर घेतलं. प्राचार्यांकडं खेटे घालून मंजुरी आणली. सुट्टीच्या दिवशीही उन्हात उभा राहिला.

केबल जोडली आणि निकालांची भलीमोठी फाईल बघता बघता पलीकडं पोचली. सयाजी हातपाय धुऊन, केस सारखे करून ऑफिसात गेला.

"आली का फाईल, मॅडम?"

"आली की." मॅडमनी मान वर केली नाही.

शेजारच्या टेबलावरची अनुजा हसली. "आता कशाचं निमित्त काढणार ओ, चौगुले?"

सयाजीही हसला. "एकदा बघून जावं म्हटलं."

"काय बघायचं?" मॅडमचा आवाज चढला. "सगळं ऑफिस काय बोलतंय, कळतंय का तुम्हाला? तुमचं येणं थांबावं म्हणून तर लाईन मागितलेली मी. तोंडावर सांगायचं नव्हतं, सांगायला लावलासा."

टाईप करणारे हात थांबले. कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं.

"चुकलं माझं," सयाजी म्हणाला आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी स्टाफच्या सभेत प्राचार्यांनी त्याचा फेटा बांधून सत्कार केला. "काय मॅडम, लाईन कशी चाललीय?"

"फार सोय झाली, सर," संयोगिता मॅडम म्हणाल्या आणि सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सयाजीनं हात जोडले. तेवढ्यानंही मागच्या बाकावर खसखस पिकली.

घरी जाताना तो उचगावात टपरीवर चहाला थांबला. बाकड्यावरच्या म्हाताऱ्यानं त्याला न्याहाळलं.

"काय पावणं, कुणाचं लगीन?"

सयाजीचा हात डोक्याकडं गेला. फेटा उतरवायचा राहूनच गेला होता.

"लगीन न्हवं," तो म्हणाला. "कॉलेजात कार्यक्रम हुता."

"ऱ्हाऊ द्या की डोक्यावर. झ्याक दिसतासा."

सयाजीनं हात खाली घेतला आणि गरम चहा एका दमात पिऊन टाकला.