फ्रिज रिकामा, आणि मी म्हणते चार

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. भोपाळात अशोका गार्डनजवळ एक रक्तपेढी आहे, तिच्या वेबसाइटवर मी बसते. वर लिहिलंय ‘बी निगेटिव्ह’, खाली शिल्लक पिशव्यांचा आकडा. शी! त्या आकड्याची मला किळस येते.

मला वेबसाइट सांभाळणाऱ्या भालचंद्रकाकांनी घडवलं. काऊंटरवरची वैजयंती फ्रिजमधल्या पिशव्यांची नोंद ठेवायची. काकांनी मला त्या नोंदीशी जोडलं. इंजिनिअर याला बाइंडिंग म्हणतात. पिशवी गेली, तिने नोंद केली, की माझा आकडा आपोआप बदलायचा. लोक मला बघून निर्धास्त निघायचे. फार मान होता हो मला!

काका इंदूरला मुलीकडे राहायला गेले आणि त्यांच्या जागी विनायक आला. एकदा मोठे पाहुणे पाहणीला येणार होते आणि नेमकी मी लाल शून्य दाखवत होते. रक्तपेढीच्या साहेबांना लाल रंग नको होता. विनायकने माझी जोडणी तोडली, हाताने ‘चार’ लिहिलं आणि हिरवा रंग फासला. नंतर परत जोडू, म्हणाला. पाहुणे चहा-पोहे खाऊन गेले. जोडतोय कशाला!

महिन्याभराने मंडीदीपहून इंदुमतीबाई आल्या. लेकीचं, शिल्पाचं, बाळंतपण अवघड झालं होतं, रक्त थांबत नव्हतं. तिला बी निगेटिव्ह हवं होतं. वाटेतल्या रक्तपेढीत त्या गटाच्या दोन पिशव्या होत्या, पण माझे चार पाहून बाई सरळ इथे आल्या. वैजयंतीने फ्रिज उघडून दाखवला. रिकामा.

“अहो, मोबाइलवर तर चार दिसतायत,” बाई म्हणाल्या.

विनायक मान वर न करता म्हणाला, “वो तो बस दिखाने के लिए था, आंटी.”

बाई उलट धावल्या. तोवर त्या दोन पिशव्या दुसऱ्या कुणाला गेल्या होत्या. संध्याकाळी वैजयंतीला फोन आला. बाळ वाचलं, शिल्पा गेली.

आता तरी मला जोडतील, असं वाटलं होतं. कसलं काय! विनायकने माझ्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं, ‘कृपया फोन करून खात्री करावी.’ निर्लज्ज मेला! आणि मी? अजून हिरवीगार, चार म्हणत बसलेय. थू माझ्यावर.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशा चौकटी घडवाल. त्या खऱ्या नोंदीशी जोडा. ते जमत नसेल, तर कोऱ्या ठेवा. मी कोरी असते ना, तर शिल्पाची आई वाटेतच थांबली असती.